सिमेंटचे पत्रे आणि आपली सुरत



गेल्या आठवड्यात इथे उधन्याच्या एका जुन्या लूम्सच्या शेडचा फोटो आला होता. खाली आठवणींचा नुसता पाऊस. कुणाला बॉबिन भरणारी आई आठवली, कुणाला रातपाळीचा चहा, कुणाला पगाराच्या दिवशी शेठच्या दारातली रांग. फोटोचा अर्धा भाग मात्र छपरानं व्यापलेला होता आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवाळ धरून काळे पडलेले, नाळीदार सिमेंटचे पत्रे. म्हटलं, आज त्यांच्यावरच लिहू. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, गुजराती शेजारी ‘सिमेन्टना पतरा’ म्हणतात. दुकानदाराच्या बिलावर ‘ए.सी. शीट’ असं लिहिलेलं असायचं. हा ए.सी. थंड हवेचा नव्हे, मे महिन्यात त्याखाली झोपलेल्यांना हे वेगळं सांगायला नको! ए.सी. म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. ॲस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगडच, पण कापसासारखे तंतू सुटणारा. जळत नाही, कुजत नाही, आम्लानं सहज विरत नाही. असा दगड सिमेंटमध्ये मिसळला की सहा मिलिमीटर जाडीचा पत्राही तुकडे न होता उभा राहतो. पत्र्यात तंतूंचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आतबाहेर, बाकी मुख्यतः सिमेंट.

हा पत्रा सुरतेला इतका का मानवला, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. सुरत म्हटलं की आपल्या लोकांना १६६४ आणि १६७० आठवतं, पण सुरतकरांच्या घराघरात ज्याची धास्ती पिढ्यान् पिढ्या राहिली ते साल १८३७. त्या वर्षी एप्रिलमध्ये शहरात आग लागली. लाकडी खांब, लाकडी माड्या, गल्ल्या अरुंद, वर उन्हाळ्याचा वारा. नऊ हजारांवर घरं जळाली. त्याच वर्षी तापीला पूरही आला. जुन्या सुरतेतली घरं त्यानंतरही लाकडाचीच राहिली, कारण दुसरं परवडणारं काही नव्हतं. जळणार नाही आणि गंजणारही नाही असं स्वस्त छप्पर बाजारात यायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

आपली मंडळी इथे आली ती तापी व्हॅली रेल्वेनं. एकोणिसावं शतक संपता संपता सुरत आणि खानदेश या लाइननं जोडले गेले. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, भुसावळ अशा गावांतून पॅसेंजर पकडायची आणि उधन्याला उतरायचं. गावी आपली धाब्याची घरं. लाकडी वासे, वर काड्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायची, ठोकायची, आणि तरीही रात्री गळालं की घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडायची. सुरतेत हे जमणारं नव्हतं. इथे पाऊस खानदेशपेक्षा बराच जास्त, पांढरी माती नाही, आणि बारा-बारा तासांच्या पाळीतून माती ठोकायला वेळ कुणाला?

लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा या भागांत साठ-सत्तरच्या दशकांपासून ज्या खोल्या उठल्या, त्यांच्यावर आधी ताडपत्री, मग जुना टिनाचा पत्रा, आणि हातात चार पैसे आले की सिमेंटचा पत्रा. ही पायरी चढली की घर ‘झालं’ म्हणायचे. टिनावर पावसाचा आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नसे. शिवाय समुद्राकडचा दमट वारा चार-पाच वर्षांत टिनाला भोकं पाडायचा. सिमेंटच्या पत्र्याला ना गंज, ना वाळवी. ऊन तापायचं, पण टिनापेक्षा बरं.

मग स्लॅब का नाही घातला, असं आजची पोरं विचारतात. बाळांनो, तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ च्या फेब्रुवारीत सरकारनं अर्धवट नियंत्रण उठवलं, पूर्ण उठलं ते १९८९ मध्ये. महाराष्ट्रात तर सिमेंटवरून मुख्यमंत्री अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं, ते तुमच्या आईवडिलांना विचारा. सळया महाग, सिमेंट दुर्मिळ. पत्र्याला कटकट कमी. तीन मीटर लांब आणि एक मीटर पाच सेंटिमीटर रुंद असा एक पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो. दोन माणसं हातगाडीवरून आणणार, अँगलवर चढवणार, जे-बोल्ट आणि डांबरी वॉशर लावून एका दिवसात छप्पर उभं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती इतरत्र वाचायला मिळणार नाही. लूम्सच्या कर्जाला शेड, यंत्रं, सूत सगळं बँकेकडे तारण. त्याचा आगीचा विमा सक्तीचा. त्या वेळी विम्याचे दर देशभर एकच, टॅरिफ कमिटी ठरवायची. त्या दरपत्रकात गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री, प्लॅस्टिकचं कापड अशा भिंती किंवा छप्पर असलेल्या इमारतीला ‘कच्ची’ म्हणत आणि तिला हप्ता जास्त. सिमेंटचा पत्रा त्या यादीत नव्हता, म्हणजे शेड पक्की. सुताची आणि कापडाची कोठारं असलेल्या शहरात हे लहानसहान नव्हतं. ताडपत्रीखाली दोन लूम्स चालवणाऱ्याला कर्ज मिळताना नाकी नऊ यायचे, तोच माणूस वर पत्रा टाकून आला की कागद पुढे सरकायचे. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर भिवंडीबरोबर सुरतेतही मागांची संख्या भराभर वाढली, त्या वाढीच्या डोक्यावर हाच पत्रा होता. उधना उद्योगनगर असो की पांडेसरा जी.आय.डी.सी., उंचावरून पाहिलं की करड्या नाळींचा समुद्र.

तेव्हा पत्र्याला शिव्या घालण्याआधी एवढं मान्य करायला हवं, की हजारो कुटुंबांना त्यानं सुरतेत पहिलं न गळणारं, न जळणारं छप्पर दिलं.

हा पत्रा शोधला ऑस्ट्रियाच्या लुडविग हॅट्शेक यानं. कागद करण्याच्या यंत्रावर लगद्याऐवजी सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचं पाणी सोडायचं, पातळ थरावर थर गुंडाळायचे, ओला असतानाच कापून नाळी पाडायच्या. १९०१ च्या सुमारास त्यानं पेटंट घेतलं आणि नाव ठेवलं ‘इटरनिट’, म्हणजे चिरकाल टिकणारं. आपल्याकडे पहिला कारखाना १९३४ साली मध्य प्रदेशात, कटनीजवळच्या कैमूरला निघाला. मुंबईत मुलुंडलाही निघाला. ‘एव्हरेस्ट’ आणि हैदराबादचा ‘चारमिनार’ ही नावं आपल्यातल्या प्रत्येकानं पत्र्यावर छापलेली पाहिली आहेत.

कैमूरच्या कारखान्यात इंग्लंडच्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीचा पैसा होता. या कंपनीचं मूळ गाव रॉचडेल. बी.कॉम. झालेल्या कुणालाही हे नाव ठाऊक असतं, कारण सहकाराच्या धड्याची सुरुवातच १८४४ च्या रॉचडेलच्या विणकरांपासून होते. त्याच गावातली दुसरी गोष्ट आमच्या पुस्तकात नव्हती. नेली केर्शॉ नावाची बाई टर्नरच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत सूत कातायची. १९२४ मध्ये ती वारली, वय अवघं ३३. डॉ. विल्यम कूक यांनी तिची फुप्फुसं तपासली तर आत खनिजाचे कण. त्यांनीच १९२७ मध्ये या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिलं. १९३० मध्ये तिथल्या सरकारी तपासणीचा अहवाल आला आणि १९३१ मध्ये ब्रिटिश गिरण्यांसाठी धुळीचे नियम झाले.

आता तारखा जुळवा. १९३१ मध्ये इंग्लंडला नियम, १९३४ मध्ये कैमूरला कारखाना. धूळ मारते हे साहेबाला तेव्हाच माहीत होतं. आपल्याला ते कळायला, म्हणजे खरं तर कुणी आपल्याला सांगायला, आणखी पन्नास वर्षं गेली.

धोका नेमका कशात आहे, ते नीट समजून घेऊ, कारण व्हॉट्सॲपवर दोन्ही टोकांचं फिरत असतं. डोक्यावर शांत पडलेला, न फुटलेला पत्रा सहसा फारसे तंतू सोडत नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात. पत्रा कापला, भोक पाडलं, घासला, फोडला किंवा म्हातारा होऊन त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला, की ते सुटतात. डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि शरीराला ते सहज विरघळवताही येत नाहीत, बाहेरही टाकता येत नाहीत. फुप्फुस हळूहळू जून होतं, दम लागतो, हा ॲस्बेस्टॉसिस. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुदत. धूळ आज घ्या, आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी. एवढ्या मुदतीचं कर्ज आमच्या बँकेनंही कधी कुणाला दिलं नाही.

आमच्या गल्लीत शिरपूरकडचे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पूर्ण नाव देत नाही, त्यांची नातवंडं इथे वाचत असतील. लिंबायत ते उधना या पट्ट्यातले निदान शेकडो पत्रे आप्पांच्या हातचे. सुरुवातीला करवत आणि हाताचं गिरमिट, नंतर विजेवरचं कटर मशीन आलं. कटर लावलं की पांढरा धूर उठायचा आणि आप्पा त्यात दिसेनासे व्हायचे. भुवया, मिशा, बनियन सगळं पांढरं. तोंडाला रुमाल बांधा म्हटलं की हसायचे. “काही व्हत नही भाऊ, सिमेंटनी धूळ से ती!” संध्याकाळी ते कपडे घरी झटकले जायचे आणि आक्का ते धुवायच्या. पन्नाशीनंतर आप्पांना जिना चढवेना. खोकला. टीबीचं औषध दोनदा झालं, थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. विडी होतीच, त्यामुळे सगळा दोष विडीवर गेला. १९९८ मध्ये ते गेले. इतक्या वर्षांच्या दवाखान्याच्या कागदांत, वय, वजन, रक्तदाब, विडी, सगळं लिहिलेलं, पण धंदा काय हा रकानाच नाही. छातीच्या एकाही डॉक्टरनं विचारलं नाही की, आप्पा, तुम्ही काम काय करता?

हे मी उगाच रंगवून सांगत नाही. मुंबईत डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एका ॲस्बेस्टॉस गिरणीतले १८१ कामगार तपासले. २००५ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. पाचातल्या एकाहून जास्त कामगारांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. म्हणजे विचारलं, तपासलं की सापडतो. जपानमध्येही २००५ सालीच अमागासाकी गावात कळलं, की कुबोता कंपनीच्या पाइप कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांनाही, ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकलं नाही त्यांनाही, मेसोथेलिओमा झाला आहे. तिथे निळा, जास्त घातक ॲस्बेस्टॉस वापरला जात होता. आपल्या पत्र्यात वापरतात तो पांढरा, ‘क्रायसोटाइल’. कंपन्या म्हणतात पांढरा त्या मानानं सौम्य. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सगळेच प्रकार कर्करोग करतात.

आपल्या गुजरातचं नाव या इतिहासात एका चांगल्या कारणासाठी आहे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरनं १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी याचिका केली. २७ जानेवारी १९९५ ला निकाल लागला, न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी लिहिलेला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर ठेवा, असा आदेश झाला. गुजरातच्या कामगारांना अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेकडे फेरतपासणीला पाठवा आणि रोग निघाला तर प्रत्येकी एक लाख रुपये द्या, असंही सांगितलं.

निकाल मी पूर्ण वाचला आहे. चाळीस वर्षांचं रजिस्टर! बँकेत रेकॉर्ड किती वर्षं जपायचं यावर आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. पण रजिस्टर ठेवणार कोण? कारखाना. म्हणजे ज्याचं नाव हजेरीपटावर आहे त्याची नोंद राहणार. कारखान्यातून बाहेर पडलेला पत्रा लिंबायतच्या खोलीवर चढवणारे आप्पा कुणाच्याच हजेरीपटावर नव्हते. कपडे धुणाऱ्या आक्का तर नाहीतच.

पुढे २०११ मध्ये संपूर्ण बंदीची एक याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. याचिकेच्या हेतूबद्दलच न्यायालयाला शंका आली होती, आणि १९९५ चे आदेश पाळा असंच पुन्हा सांगितलं गेलं. आज स्थिती अशी की आपल्याकडे खाणींचे परवाने नवीन द्यायचे नाहीत, जुने वाढवायचे नाहीत, असं धोरण १९८६ आणि १९९३ पासून आहे, पण बाहेरून आणायला मोकळीक. युरोपात २००५ पासून बंदी, जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कॅनडा, सगळीकडे बंदी. कॅनडात तर खाणीच्या गावाचं नावच ‘ॲस्बेस्टॉस’ होतं, लोकांनी मतदान करून २०२० मध्ये ते बदललं. आणि जगात सगळ्यात जास्त ॲस्बेस्टॉस आयात करणारा देश आपला. ‘नियंत्रित वापर’ हा कंपन्यांचा लाडका शब्द. कारखान्याच्या चार भिंतींत नियंत्रण करता येईलही, पण नवागामच्या गल्लीत शिडीवर उभ्या असलेल्या पोराच्या हातातल्या कटरवर कोण नियंत्रण ठेवणार? २०११ च्या जनगणनेत देशातली सुमारे १६ टक्के घरं पत्र्याच्या छपराची निघाली, पण धातूचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा एकाच रकान्यात. त्यामुळे डोक्यावर नेमका कोणता पत्रा, हे सरकारी कागदालाही वेगळं सांगता येत नाही.

समुद्रापलीकडे अलंगलाही हाच दगड. जुन्या बोटींच्या बॉयलरभोवती, भिंतींत ॲस्बेस्टॉस भरलेला. २००६ मध्ये फ्रान्सची ‘क्लेमेन्सू’ युद्धनौका त्याच कारणावरून वाटेतून परत बोलावली गेली, पेपरांत रकानेच्या रकाने भरून आले. तेव्हा आपल्या डोक्यावरच्या पत्र्याबद्दल मात्र कुणाला काही सुचलं नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण तातडीचं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या शेड आता पडताहेत. उधन्यात, पांडेसऱ्यात जुने पत्रे उतरवायचं काम रोज दिसतं. चांगले निघाले ते जुन्या बाजारात, तिथून गोडादरा-डिंडोलीच्या नव्या खोल्यांवर. फुटके भरावात, रस्त्याकडेला, पायवाटेवर. त्या तुकड्यांवरून ट्रक जातात आणि भुगा उडतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातला कचरा नावानिशी आहे, खोलीवरून उतरलेल्या पत्र्याला मात्र कुणी हिशेबात धरत नाही. शिवाय म्हातारा पत्रा पायाखाली काच फुटावी तसा फुटतो. उत्तरायणाला पतंगामागे पत्र्यावर धावणाऱ्या पोरांना आवरा, तिथे चाळीस वर्षांचा प्रश्नच येत नाही, माणूस त्याच क्षणी खाली येतो.

ज्यांच्या डोक्यावर अजून पत्रा आहे त्यांनी घाबरून उद्याच फोडायला घेऊ नये, तेच सगळ्यात वाईट. शाबूत असेल तर राहू द्या. भोक पाडू नका, घासून धुऊ नका. उतरवायचाच असेल तर आधी पाणी मारा, बोल्ट सोडून अख्खा उतरवा, कटर लावू नका, जवळ पोरं नकोत, सुका झाडू तर मुळीच नको. मास्क चांगला, नाक झाकणारा. कपडे तिथेच ओले करा. बदली छप्पर घेताना मात्र जळणारं घेऊ नका. २०१९ मध्ये सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत वरच्या मजल्यावर काय झालं आणि आपली २२ मुलं कशी गेली, ते सुरतेत कुणाला सांगायला हवं का? रंगीत धातूचे पत्रे मिळतात, ॲस्बेस्टॉसशिवायचे सिमेंटचे पत्रेही निघाले आहेत. महाग पडतात, हे खरं.

आणि एक काम आहे, त्यासाठी तुमची मदत हवी. १९७० ते २००० या काळात सुरतेत ज्यांनी पत्रे बसवायचं, कापायचं काम केलं, अशा आपल्या माणसांची मी एक वही घातली आहे. नाव, गाव, किती वर्षं काम, विडी होती का, आज तब्येत कशी. आतापर्यंत सतरा नावं झाली, त्यांतले नऊ जण आज नाहीत. जे आहेत त्यांनी छातीच्या डॉक्टरकडे गेल्यावर, नवी सिव्हिल असो, स्मीमेर असो की खासगी, पहिलं वाक्य हेच सांगायचं, की मी इतकी वर्षं सिमेंटचे पत्रे कापले आहेत, आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायचं. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात असं कुणी असेल तर नाव इथे उघड टाकू नका, मला मेसेज करा. वाचता येत नसलेल्या काका-मामांना ही पोस्ट वाचून दाखवा. मी संध्याकाळी सहानंतर घरीच असतो.